साडेतीन वर्षांचा मुलगा, तोंडात दोनच टोकदार दात आणि दर उन्हाळ्यात ताप

आर्वीची_लेक (१४ मे, रात्री)

सगळ्यांना नमस्कार. आम्ही आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. माझा मुलगा येत्या पोळ्याला चार वर्षांचा होईल. त्याच्या तोंडात वर पुढचे दोनच दात आहेत, आणि तेही खाली निमुळते होत गेलेले, सुळ्यासारखे. खालच्या हिरड्या अगदी मोकळ्या आहेत. भाकर दुधात कुस्करून, कण्या, गोळाभात असं सगळं मऊ करून भरवते. तो खातोही आवडीने, पण वजन वाढत नाही. हनुवटी नाकाकडे सरकल्यासारखी दिसते. गावात बायका म्हणतात, तोंड म्हाताऱ्यासारखं झालं.

दुसरी गोष्ट तापाची. होळी झाली की ताप सुरू होतो तो मृग लागेपर्यंत. मलेरिया, टायफॉइड, सगळं तपासून झालं. सिकलसेलची तपासणीही झाली, ती निगेटिव्ह आली. प्रत्येक वेळी अँटिबायोटिक देतात, दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. दातांचं विचारलं की सांगतात, काही मुलांना उशिरा येतात, वाट पाहा.

मला विचारायचं आहे ते एवढंच: आणखी किती वाट पाहायची? आणि दात न येण्याचा या तापाशी काही संबंध असू शकतो का?

---

निंबाची_सावली

ताई, काळजी करू नका. माझ्या भाचीला पहिला दात सव्वा वर्षानं आला, आता सगळे आहेत. आमच्याकडे दह्यात गव्हाएवढा चुना देतात. नाहीतर कॅल्शियमचं औषध सुरू करा.

---

बालदंत_नागपूर

मी लहान मुलांच्या दातांचा डॉक्टर आहे, मूळचा चिमूरकडचा. सावलीताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण इथे चुना देऊ नये. लहान मुलाचं तोंड आणि अन्ननलिका त्यानं भाजू शकते. कॅल्शियमनंही नसलेला दात उगवत नाही.

दात उशिरा येण्याची कारणं पुष्कळ आहेत. थायरॉइड कमी असणं, मुडदूस, मोठं कुपोषण, हे सगळं तपासायलाच हवं. पण त्यात दात उशिरा आला तरी दाताच्याच आकाराचा येतो. तुमच्या मुलाचे आलेले दात निमुळते आहेत, आणि माझं लक्ष तिथे अडकलं. म्हणून काही प्रश्न विचारतो, जमेल तेवढी उत्तरं द्या.

त्याला घाम येतो का? उन्हातून खेळून आल्यावर कपाळ, मान ओली होते का? केस, भुवया कशा आहेत? नाकात खपल्या धरतात का? ताप चढतो तो दुपारी की कोणत्याही वेळी, आणि संध्याकाळी गार झाल्यावर औषध न देता उतरतो का?

शेवटचे दोन प्रश्न महत्त्वाचे. तुमचे स्वतःचे सगळे दात आले होते का? आणि तुमच्या माहेरी, भाऊ, मामा, मावशीची मुलं, यांपैकी कोणाला असं होतं का?

---

आर्वीची_लेक

डॉक्टरसाहेब, घामाचं कोणी विचारलंच नव्हतं. येत नाही. पाळण्यात असल्यापासून त्याची उशी कधी ओली झाली नाही. आम्ही उलट म्हणायचो, लेकरू किती कोरडं ठणठणीत राहतं. केस विरळ आणि पिंगट, भुवया जवळजवळ नाहीतच. डोळ्यांभोवती काळपट आहे. नाकात पिवळ्या खपल्या जमतात, वास येतो. ताप दुपारीच चढतो. वीज गेली आणि कूलर बंद पडला की तासाभरात अंग तापतं. रात्री अंगणात निजवलं की आपोआप उतरतो.

माझं म्हणाल तर वरच्या पुढच्या दोन दातांच्या बाजूला एकीकडे अगदी बारीक खुंटीसारखा दात आहे, दुसरीकडे जागा रिकामीच राहिली. खालचा एक दुधाचा दात अजून पडलेला नाही. त्याचा कधी त्रास झाला नाही म्हणून दाखवला नाही. घाम मला येतो.

मला एक भाऊ होता. दीड वर्षाचा असताना मे महिन्यात गेला. आई म्हणते ऊन लागलं. काल तुमचे प्रश्न वाचून फोन करून विचारलं, तर म्हणाली, हो, त्याला दात आलेच नव्हते.

---

रातपाणी_दारव्हा

ताई, तुमचं वाचलं अन् झोप लागली नाई. हे माह्यंच आहे. मी आता चौतीस वर्षांचा आहो. मले घाम येत नाई. तोंडात आपले सहा दात होते, तेही असेच टोकाचे. शाळेत पोट्टे मले बोळक्या म्हणत. माय उन्हाळाभर दुपारी मले हौदात बसवून ठेवे, गळ्यापर्यंत पाणी, वरून ओला दुपट्टा. कोणी सांगतलं नव्हतं तिले, तिनंच शोधून काढलं होतं. त्यानंच मी वाचलो.

आता सांगतो कामाचं. मी शेतीच करतो. वखरणी, डवरणी पहाटे उरकतो, नऊ वाजता घरी. आमच्या इकडं ओलिताची लाईन आठ-आठ दिवस रात्री राह्यते. लोकाइले रात्रीच्या लाईनचा तरास होते, साप-इंचवाचं भेव राह्यते. मले तेच सोपं जाते, रात्री वावर थंड असते. चण्याचं, गव्हाचं सारं पाणी मी रात्रीच देतो. उन्हात जाच लागलं तं सदरा भिजवून घालतो, वाळला की पुन्हा भिजवतो. सोबत दोन बाटल्या: एक प्यायची, एक अंगावर टाकायची.

दातांचं मात्र उशिरा केलं. पहिली कवळी विसाव्या वर्षी बसवली. डॉक्टर म्हणाले, लहानपणीच आला असता तं जबडा इतका बसला नसता. तुम्ही उशीर करू नका. लगन झालं, दोन पोरी आहेत. दोघीइले घाम येते. मोठीचे वरचे दोन दात आले नाईत.

---

बालदंत_नागपूर

तोंड प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान करू नये, म्हणून 'बहुतेक' हा शब्द धरून वाचा. पण ताईंनी सांगितलेलं सगळं एकाच आजाराकडे जातं: हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिस्प्लेसिया. गर्भाच्या अगदी बाहेरच्या थरातून कातडी, केस, घामाच्या ग्रंथी तयार होतात, आणि दाताचा अंकुरही त्याच थरातून फुटायला लागतो. हे अंकुर फुटावेत म्हणून पेशींना एक निरोप जावा लागतो. तो निरोप नेणारं प्रथिन ज्या जनुकावरून बनतं ते जनुक, ईडीए, १९९६ साली सापडलं. ते बिघडलं की अंकुर फुटत नाहीत किंवा अर्धवट फुटतात. म्हणजे ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे. दात नसणं आणि दुपारचा ताप हे एकच दुखणं आहे.

हा आजार बहुतेक वेळा तोंडातच ओळखता येतो. केस विरळ असणं, कातडी कोरडी असणं हे घरातही कोणाच्या नजरेत भरत नाही, पण दात न येणं प्रत्येक आईच्या लक्षात येतं. म्हणून दातांच्या डॉक्टरनं इथे 'वाट पाहा' म्हणू नये असं माझं ठाम मत आहे.

सर्वसाधारण मुलाला दुधाचे २० आणि कायमचे ३२ दात येतात. या आजाराच्या पूर्ण स्वरूपात कायमचे दात सरासरी नऊच्या आसपासच तयार होतात, बहुतेक सुळे आणि पहिल्या दाढा. पुढचे दात आलेच तर निमुळते असतात. काहींना एकही येत नाही.

आता जबड्याचं, कारण चेहरा म्हाताऱ्यासारखा का दिसतो हे ताईंना कळायला हवं. जबड्याच्या हाडाचा मूळ भाग असतो आणि त्यावर दात धरून ठेवणारा कडेचा भाग असतो. हा कडेचा भाग दातासोबतच घडतो. दात नसेल तिथे तो उंचीला वाढत नाही, सुरीच्या पात्यासारखा पातळ राहतो. खालच्या जबड्याचं मूळ हाड मात्र बऱ्यापैकी वाढत असतं. वरचा जबडा लहान राहतो, गालाचा मधला भाग आत बसतो. तोंड मिटलं की दोन्ही जबडे गरजेपेक्षा जास्त जवळ येतात, हनुवटी वर सरकते, ओठ बाहेर उलटतात. हे सगळं दातांच्या आधाराअभावी होतं. म्हणूनच कवळीनं मुलाचा चेहरा लगेच बदललेला दिसतो.

काय करायचं ते सांगतो. पहिलं म्हणजे ओपीजी, पूर्ण जबड्याचा एक्सरे. त्यात हिरडीखाली किती अंकुर आहेत हे मोजता येतं. मूल स्थिर उभं राहिलं तर साडेतीन-चार वर्षांच्या वयात तो काढता येतो. दुसरं, असलेले दोन दात कोणी घासून बारीक करायला किंवा काढायला निघालं तर नाही म्हणा. त्यांना दाताच्या रंगाचा मसाला लावून नेहमीच्या दातासारखा आकार देता येतो, आणि कवळीला पकडही त्यांचीच मिळते. ते दात आहेत तोवर तिथलं हाडही टिकतं. तिसरं, कवळी. मूल शांत बसून माप देऊ लागलं की, म्हणजे तीन-चार वर्षांपासून, ती करता येते. जबडा वाढत जातो तशी ती लहान पडते, साधारण अडीच वर्षांनी नवी करावी लागते. हा खर्च पुन्हा पुन्हा येणार आहे हे धरूनच चालायचं. म्हणून मी सरकारी दंत महाविद्यालयाचा रस्ता दाखवतो. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा विभाग आणि कृत्रिम दातांचा विभाग दोन्ही आहेत. तुम्हाला आर्वीहून सावंगीचं शरद पवार दंत महाविद्यालय त्याहून जवळ पडेल.

इम्प्लांटची जाहिरात पाहून कोणी घाई करू नये. वाढत्या जबड्यात रोवलेला खिळा जागचा हलत नाही आणि भोवतालचं हाड वाढत जातं, त्यामुळे तो आत गाडल्यासारखा होतो. खालच्या जबड्याचा पुढचा भाग हा अपवाद. तिथे सात वर्षांवरच्या मुलांत इम्प्लांट यशस्वी झालेले आहेत. बाकी ठिकाणी वाढ पूर्ण होईपर्यंत थांबायचं.

---

पूर्णाकाठ

माझ्या भाच्याचंही विचारू का? चौदा वर्षांचा आहे, दुधाचे दातच पडत नाहीत. घाम वगैरे सगळं व्यवस्थित आहे. एक विचित्र म्हणजे दोन्ही खांदे छातीसमोर आणून जवळजवळ एकमेकांना टेकवतो. घरी सगळ्यांना गंमत वाटते.

---

बालदंत_नागपूर

पूर्णाकाठ, तुमच्या भाच्याचा आजार बहुधा वेगळा आहे. त्याच्या गळ्याखालची आडवी हाडं, हसळ्या, चाचपून पाहा. त्या नसतील किंवा अर्धवट असतील तर क्लायडोक्रेनियल डिस्प्लेसियाचा विचार करायला हवा. त्याच्या ओपीजीत या धाग्याच्या अगदी उलटं चित्र दिसेल: दात कमी नसतील, नको तितके जास्त असतील, पण हाडातच अडकून पडलेले. जादा दात काढून, अडकलेले हळूहळू खाली ओढून आणावे लागतात आणि त्याला वयाची मर्यादा असते. म्हणून आत्ताच दाखवा. हा आजार आई किंवा वडिलांकडून मुलगा-मुलगी दोघांनाही येऊ शकतो, तेव्हा घरातल्या मोठ्यांच्या हसळ्याही पाहून घ्या. पुढचं वेगळा धागा काढून विचारा, तिथे सविस्तर लिहितो.

---

बालरोग_वर्धा

मी बालरोगतज्ज्ञ आहे. उन्हाळ्याचं लिहितो, कारण आज १६ मे आहे आणि आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जायला वेळ लागत नाही.

आपण उन्हात टिकतो ते घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो म्हणून. या मुलाकडे ती सोय नाही. त्याचं अंग तापतं ते बाहेरच्या उष्णतेनं, त्यामुळे पॅरासिटामॉलचा त्यावर उपयोग होत नाही. आधी सावली, ओला कपडा, पंखा. कपाळावर पट्टी ठेवून भागणार नाही. सगळं अंग, मान, काखा, जांघा ओल्या करायच्या. गारव्यात आणल्यावर अंग लवकर निवलं तर ते उष्णतेनंच तापलं होतं. गारव्यातही ताप हटत नसेल, खोकला असेल, मूल मलूल असेल, तर तो संसर्गाचा असू शकतो आणि या मुलांना छातीचे संसर्ग वारंवार होतात. तेव्हा डॉक्टरकडे जायलाच हवं. झटका आला, मूल नीट ओळखेना किंवा उठेना झालं तर अंगावर पाणी टाकत टाकत थेट दवाखान्यात.

आपला वाळ्याचा कूलर मे महिन्यात चांगला चालतो. पावसाळ्यात तोच कूलर कुचकामी ठरतो, कारण दमट हवेत पाणी वाळत नाही. श्रावणातल्या उघडिपीच्या उकाड्यात म्हणून बेसावध राहू नका. बहुतेक घरी तिथेच फसगत होते.

बाकी बारीकसारीक पण रोजचं: नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब दिवसातून दोन-तीनदा, खपल्या ओढून काढायच्या नाहीत. डोळे कोरडे पडत असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवून थेंब. कातडीला खोबरेल किंवा साधं मलम. पुढे कधी भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला घामाचं आधी सांगा, काही औषधांनी घाम आणखी कमी होतो.

सावंगी-नागपूरला जाल तेव्हा पहाटेची गाडी धरा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्याकडून संदर्भचिठ्ठी घ्या. तो कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि पुढची पाठवणी त्यातून सोपी होते.

---

बालदंत_नागपूर

एक भर. या मुलांना लाळही कमी असते, म्हणून असलेले दात लवकर किडतात. आम्ही त्यांना फ्लोराइडचा लेप लावतो. पण यवतमाळ, चंद्रपूरच्या कितीतरी गावांत विहिरी-हातपंपांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. गावातल्या मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग दिसत असतील तर डॉक्टरला ते आधी सांगा, पाणी तपासून घ्या. आणि त्या डागांना हा आजार समजू नका. फ्लोरोसिसनं दाताचा रंग बिघडतो, दातांची संख्या कमी होत नाही.

---

निंबाची_सावली

मला एक कळलं नाही. ताईंना घाम येतो, दोनच दातांचं कमी-जास्त आहे, मग मुलाला एवढं का? आणि दारव्ह्याच्या दादांच्या मुलींनाही थोडंच?

---

आर्वीची_लेक

सावलीताईंचा प्रश्न माझाही आहे. आमच्या घरात हा धागा वाचला गेला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण एक नातेवाईक म्हणाले, म्हणजे दोष हिच्या माहेरचा. तेव्हापासून जेवण जात नाही.

---

बालरोग_वर्धा

ताई, हे नीट वाचा आणि त्या नातेवाइकांनाही वाचायला द्या.

ईडीए हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलींकडे दोन एक्स असतात. एकावरचं जनुक बिघडलं तरी दुसरं काम चालवतं, म्हणून त्यांना थोडंच दिसतं: एखादा दात नसणं, एखादा खुंटीसारखा असणं, कुठे घाम येणं कुठे न येणं. मुलाकडे एक्स एकच. तो बिघडलेला आला तर पर्याय नाही. अशा आईच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलीकडे ते जनुक जाण्याची शक्यताही निम्मी. बापाला आजार असेल तर त्याच्या सगळ्या मुली ते जनुक घेऊन जन्मतात, मुलाला मात्र बापाकडून तो येत नाही. रातपाणीदादा, तुमच्या दोन्ही मुलींना त्या मोठ्या झाल्यावर हे सांगायला हवं.

आईकडे हे आहे का ते पाहायला एक जुनी, सोपी चाचणी आहे. पाठीला आयोडीन लावून वर स्टार्चची भुकटी टाकतात आणि घाम येऊ देतात. घाम येतो तिथे रंग निळा-काळा होतो. अशा स्त्रियांच्या पाठीवर मधे-मधे कोरडे पट्टे उमटतात. हल्ली रक्तातून जनुकाची तपासणीही होते.

दोषाचं म्हणाल तर कोणता एक्स मुलाकडे जायचा हे कोणत्याही आईच्या हातात नसतं. ताईंनी ग्रहण पाळलं काय, गरोदरपणात काय खाल्लं, याचा यात काडीचा संबंध नाही. ताईंच्या आईनं एक मुलगा गमावला आणि कारणही कळलं नाही. आज कारण समोर आहे, म्हणून हा मुलगा उन्हाळ्यातून सुखरूप बाहेर काढता येतो. घरानं या वेळी ताईंच्या पाठीशी उभं राहायला पाहिजे.

---

जुनी_पुस्तकं_अमरावती

डॉक्टरांनी सांगितलेलं गणित कळायच्या कितीतरी आधी लोकांनी ते डोळ्यांनी टिपलं होतं. चार्ल्स डार्विननं १८७५ मध्ये सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद छापली आहे. चार पिढ्यांतले दहा पुरुष, दोन्ही जबडे मिळून प्रत्येकाला चार लहान, कमजोर पुढचे दात आणि आठ दाढा, अंगावर केस फारच थोडे, आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून अतिशय हाल. मुलींपैकी कोणालाही आजार नाही, पण त्यांच्या मुलांना होतो, हेही त्यात स्पष्ट आहे. जनुक हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता. ताई, तुम्ही आणि तुमचं लेकरू यात एकटे नाही.

---

गुरुजी_मोर्शी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. मूल शाळेत घालायचं होईल तेव्हा वर्गशिक्षकाला लेखी द्या, तोंडी सांगितलेलं बदलीसोबत निघून जातं. त्यात लिहा: मैदानावर उन्हात उभं करू नये, पाण्याच्या बाटलीला आणि अंग ओलं करायला केव्हाही परवानगी, बसायची जागा खिडकीजवळ. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि मार्चनंतर सकाळची शाळा असते, ही त्याच्यासाठी चांगली सोय आहे. पण परिपाठ लांबला की मुलं उन्हात उभी राहतात. शाळेत मुलं चिडवतील, त्याची जबाबदारी शिक्षकानं घ्यायची. वर्गाला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं की याला घाम येत नाही म्हणून आपण सगळे याची काळजी घेऊ, तर मुलं ऐकतात. माझ्या वर्गात एका वेगळ्या आजाराच्या मुलीसाठी हे केलेलं आहे.

---

आर्वीची_लेक (९ जुलै)

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. दंत महाविद्यालयात दाखवलं. निदान तेच. ओपीजीत वर चार अंकुर दिसतात, खाली दोन. थायरॉइड ठीक आहे. दोन्ही दातांना मसाला लावून आकार दिला, आणि वर-खाली कवळी बसवली. माप घेताना खूप रडला. मऊ गुलाबी लगदा तोंडात भरतात, तो घट्ट होईपर्यंत धरून ठेवावा लागतो.

पहिले काही दिवस लाळ गळायची, कवळी काढून फेकायचा. खालची तर जिभेनं उडवून लावायचा. आता वरची दिवसभर ठेवतो, खालची जेवताना. बोलणं बदललं. 'त' आणि 'द' आधी येत नव्हते, आता 'दादा' म्हणतो. मी आधी घाबरले होते की गिळून टाकेल. डॉक्टरांनी सांगितलं, रात्री काढून पाण्यात ठेवायची, झोपेत घालायची नाही.

मे महिना ओल्या बनियनवर काढला. या वर्षी उन्हाळ्यात एकदाही अँटिबायोटिक लागलं नाही. त्या नातेवाइकांना माझ्या नवऱ्यानंच उत्तर दिलं.

दारव्ह्याचे दादा, खालची कवळी तुमची टिकते का? काही युक्ती असेल तर सांगा.

---

रातपाणी_दारव्हा

लई आनंद झाला ताई. खालची सगळ्याइचीच हालते, हाडच पातळ राह्यते ना. मी सांगतो तसं करा: आधी गिळायचे पदार्थ, मंग मऊ पोळी, मंग भाकर. घास पुढच्या दातांनं तोडू देऊ नका, बारका करून दोन्ही बाजूले दाढांवर ठेवाले शिकवा, नाईतं कवळी पुढून उचलते. हिरडीले लाल वण पडला तं दोन दिवस कवळी बंद, अन् डॉक्टरकडून तेवढी जागा घासून आणा. घरी कानशीनं घासू नका, माह्या काकानं तसं करून माही कवळी मोडली होती. मी आता हुरडाही खातो, वेळ लागते तेवढंच.

---

आर्वीची_लेक

आभार दादा. आणखी एक. माझी धाकटी बहीण गरोदर आहे, पाचवा महिना लागला. तिचाही एक दात खुंटीसारखा आहे. डॉक्टरांनो, तिनं काय करायचं?

---

बालरोग_वर्धा

तिला आधी आनुवंशिक आजारांच्या तज्ज्ञाकडे पाठवा, मुलाची कागदपत्रं सोबत द्या. सरसकट लिंगनिदान गुन्हा आहे आणि तो राहायलाच हवा. पण १९९४ च्या त्याच कायद्यात, लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारासाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भाची तपासणी करायला वाट ठेवलेली आहे. तपासणी करायची की नाही हा निर्णय तिचा. हा आजार नीट सांभाळला तर माणूस पूर्ण आयुष्य जगतो, दारव्ह्याचे दादा इथेच लिहीत आहेत. विशेष केंद्रात सोनोग्राफीवर गर्भाच्या जबड्यातले दातांचे अंकुरही पाहता येतात.

उपचारांतही हालचाल आहे. नसलेलं प्रथिन गर्भजलात इंजेक्शननं देऊन जर्मनीत तीन मुलांवर उपचार झाले, ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिघांनाही जन्मानंतर घाम येऊ लागला. पुढच्या चाचण्या सुरू आहेत. आपल्याकडे रोजच्या वापरात ते आलेलं नाही, तेव्हा आत्ता त्यावर विसंबू नका.

तिला आत्ता खरं सांभाळायचं आहे ते बाळंतपण. मुलगा झाला तर निदान होईपर्यंत त्याला घाम येत नाही असं समजूनच वागा. प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना आणि नर्सला आधीच लेखी द्या, म्हणजे बाळाला वॉर्मरमध्ये ठेवलं तर तापमानावर नजर राहील. आपल्याकडे बाळंतिणीची खोली बंद करतात, बाजेखाली शेगडी ठेवतात, बाळाला टोपरं, दुपट्यांवर दुपटी गुंडाळतात, ओव्या-शेपाचा धूर देतात. या बाळाच्या बाबतीत यातलं काहीही नको. खोली हवेशीर, कपडा एकच, पातळ आणि सुती. थंडीतही हात लावून पाहा, अंग गरम लागलं तर दुपटं आधी काढा. अशा आयांना कधी दूध कमी येतं, म्हणून बाळाचं वजन दर आठवड्याला करा आणि कमी पडलं तर वेळेत सांगा.

---

आर्वीची_लेक

पाचवा महिना आहे, म्हणजे दिवस कार्तिकात भरतील. आई शेगडीवर अडून बसली होती. तुमचा हा मजकूर तिला वाचून दाखवला. भावाचं नाव काढून म्हणाली, या वेळी शेगडी नको. बहिणीची तपासणीची तारीख पुढच्या आठवड्यात घेतली आहे, कागद घेऊन मीच सोबत जाते.